वाचक विचारतात: कोराडीचा धूर, छतावरचं ऊन आणि फॉर्मिक आम्ल

कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या जोरावर रसायनं बनवण्याबद्दल या अंकासाठी बरीच पत्रं आली. त्यांतली सहा निवडली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले असून उत्तरं लागतील तेवढी लांब आहेत.

प्रश्न: नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर दूरवरून दिसतो. सौर वीज स्वस्त झाली असताना तो धूर पकडून त्याचं इंधन का करत नाहीत? माझ्या छतावर ३ किलोवॉटचे पॅनल आहेत. त्यावर चालणारं छोटं यंत्र बसवता येईल का?
— वाचक, खामला

आधी एक बारीक दुरुस्ती. लांबून दिसणारे पांढरे ढग बरेचदा कूलिंग टॉवरच्या वाफेचे असतात. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसतच नाही.

आता हिशेब. कोळशावर एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक किलो कार्बन डायऑक्साइडचं विजेने कार्बन मोनॉक्साइड करायचं तर नुसत्या सेलला, म्हणजे हे रूपांतर जिथे घडतं त्या विजेच्या भांड्याला, सुमारे ४ युनिट लागतात. यात सेलचा विद्युतदाब ३ व्होल्ट धरला आहे आणि १०० पैकी ९० इलेक्ट्रॉन नेमक्या कामी आले असं मानलं आहे. म्हणजे कोराडीत एक युनिट बनवताना निघालेला वायू मोडायलाच साडेतीन युनिटांपेक्षा जास्त वीज हवी. आणि हाती येतं ते कार्बन मोनॉक्साइड, इंधन नव्हे. इंधनासाठी त्यात हायड्रोजन मिसळावा लागतो, त्याची वीज वेगळी.

तुमच्या ३ किलोवॉटमधून दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात असं धरू. सगळी सेलमध्ये घातली तर ३ किलो कार्बन डायऑक्साइडचं रूपांतर होईल. तीच वीज ग्रिडमध्ये दिली तर कुठेतरी तेवढी कोळशाची वीज कमी लागेल. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे, म्हणजे ८ किलोहून अधिक वायू मुळात तयारच होणार नाही. सेलमध्ये बनलेल्या मालामुळे दुसरीकडचं खनिज इंधन वाचतं, हे खरं. पण तेही मोजलं तरी पारडं सध्या ग्रिडकडेच झुकतं. तेव्हा आमचं मत सरळ आहे: छतावरची वीज ग्रिडला द्या.

हे गणित दोन ठिकाणी उलटतं. एक, दुपारी सौर वीज एवढी जास्त होते की ती घ्यायला कोणी नसतं आणि पॅनल बंद ठेवावे लागतात, तिथे. दुसरं, ज्या मालात कार्बन असणं भागच आहे तिथे. मोटार बॅटरीवर पळेल, पण प्लास्टिक, सॉल्व्हंट आणि औषधांचा कच्चा माल बॅटरीतून निघत नाही.

शिवाय चिमणीतला वायू जसाच्या तसा सेलला चालत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्केच असतो, उरलेला बहुतेक नायट्रोजन. सोबत ४ ते ६ टक्के ऑक्सिजन असतो आणि तोच मोठा चोर. कॅथोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकावर, ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सहज इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे वीज पाणी बनवण्यात वाया जाते. सल्फर डायऑक्साइड चांदी आणि तांब्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. म्हणून आधी वायू अमाइनच्या द्रावणात शोषून घेतात, मग ते द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून शुद्ध वायू सोडवतात. त्या उष्णतेचा खर्च वरच्या ४ युनिटांत धरलेला नाही.

प्रश्न: बीएस्सीच्या प्रकल्पासाठी कथलाच्या पत्र्यावर कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचं मीठ) करून पाहिलं. सिलिंडर नसल्याने वायू किपच्या उपकरणातून घेतला. ॲनोडला, म्हणजे धन टोकाला, स्टेनलेस स्टीलची पट्टी होती आणि सगळं एकाच बीकरमध्ये होतं. मे महिन्यात दोनदा केलं. प्रवाह व्यवस्थित होता, कॅथोडवर बुडबुडेही भरपूर आले, पण फॉर्मेट जवळजवळ शून्य. काय चुकलं?
— विद्यार्थिनी, महाल

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. फॉर्मेट द्रावणात विरघळून राहतं, त्याचे बुडबुडे येत नाहीत. भरपूर बुडबुडे आले याचा अर्थ वीज हायड्रोजन बनवण्यात गेली. तुमच्या प्रयोगात चार गोष्टींनी एकमेकींना हात दिला, म्हणून एकेक उलगडून सांगतो.

किपमध्ये संगमरवर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. वायूबरोबर आम्लाचे बारीक तुषार येतात, म्हणजे द्रावणात क्लोराइड गेलं. क्लोराइडने ॲनोडची स्टेनलेस स्टीलची पट्टी टोचून खाल्ली. तिच्यातलं लोह आणि निकेल द्रावणात उतरलं आणि थेट कथलावर जाऊन बसलं. लोह-निकेलवर हायड्रोजन फार सहज सुटतो, म्हणून अर्ध्या तासात तुमचा कथलाचा कॅथोड नावापुरताच कथलाचा राहिला. पत्र्यावर करडा-काळसर थर दिसला असेल तर तो हाच. जे थोडं फॉर्मेट तयार झालं, ते एकाच बीकरमुळे ॲनोडपाशी पोचून पुन्हा कार्बन डायऑक्साइड झालं. एक इशाराही देऊन ठेवतो: स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम ॲनोडवर विषारी षट्संयुजी रूपात निघू शकतं. ते द्रावण पिवळसर दिसत असेल तर सिंकमध्ये ओतू नका, घातक कचऱ्याच्या बाटलीत ठेवा.

चौथी गोष्ट नागपूरची. २५ अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे १.४५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ४० अंशांना एक ग्रॅमही नाही. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या प्रयोगशाळेत तुमच्या कॅथोडला एक तृतीयांश वायू कमीच मिळाला. वायू कमी पडला की रिकाम्या जागेवर पाणी येतं आणि त्याचा हायड्रोजन होतो.

आता नव्याने मांडणी करा. दोन कप्प्यांचा काचेचा एच-सेल घ्या, मध्ये नॅफिऑन ११७ जातीचं मेम्ब्रेन, म्हणजे दोन्ही कप्प्यांतली द्रावणं वेगळी ठेवणारा पातळ पडदा. मेम्ब्रेन आदल्या रात्री पोटॅशियम बायकार्बोनेटच्या द्रावणात भिजत ठेवा. द्रावण ०.५ मोलरचं: २५.०३ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट ५०० मिलीच्या प्रमाणित चंबूत, पाणी डीआयोनाइज्ड. नळाच्या पाण्याने कॅल्शियमचा पांढरा थर बसतो, शिवाय जस्त आणि लोहाचे अंश वेगळे. प्रत्येक कप्प्यात ५० मिली द्रावण.

कॅथोड ९९.९ टक्के शुद्ध कथलाचा, २ सेंमी बाय २ सेंमी. मागची बाजू कॅप्टॉन टेपने किंवा इपॉक्सीने झाका. नेलपॉलिश वापरू नका, ते द्रावणात उतरून मोजणी बिघडवतं. पत्रा १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून डीआयोनाइज्ड पाण्यात पाच मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा आणि लगेच वापरा. ॲनोड म्हणून टायटॅनियमवर मिश्र ऑक्साइड चढवलेली जाळी उत्तम. प्लॅटिनमची तार वापरलीत तर मेम्ब्रेन हवंच, कारण प्लॅटिनमही कणाकणाने विरघळून कॅथोडवर पोचतं आणि त्याच्यासारखा हायड्रोजन सोडणारा दुसरा धातू नाही.

सिलिंडर मिळालं नाही तर किप चालेल, पण वायू दोन धुण्याच्या बाटल्यांतून आणा: पहिलीत खाण्याच्या सोड्याचं संपृक्त द्रावण, दुसरीत शुद्ध पाणी. हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फ्युरिक आम्ल घालायची युक्ती करू नका. संगमरवरावर जिप्समचा थर बसून दहा मिनिटांत वायू थांबतो. सुरुवातीचा वायू बाहेर सोडून द्या, त्यात उपकरणातली हवा असते.

द्रावणातून मिनिटाला २० मिली वेगाने अर्धा तास वायू जाऊ द्या. पीएच ८.३ च्या आसपासून ७.३ पर्यंत उतरला पाहिजे. उतरत नसेल तर वायू पोचत नाही, पुढे जाऊ नका. सेल बर्फाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून तापमान २० ते २५ अंशांत राखा. वायू चालू ठेवूनच ४० मिलिॲम्पियर प्रवाह एक तास द्या, चुंबकी ढवळणीसह.

इथे पोटेन्शिओस्टॅटचा, म्हणजे प्रवाह देऊन विद्युतदाब मोजणाऱ्या उपकरणाचा, आकडा तुमचा खबऱ्या आहे. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत कॅथोडचा विद्युतदाब उणे १.६ ते उणे १.८ व्होल्टच्या आसपास असला पाहिजे. ४० मिलिॲम्पियर जर उणे १.२ व्होल्टलाच वाहत असेल तर खुश होऊ नका. शुद्ध कथलावर एवढ्या सहज काहीच घडत नाही, म्हणजे वर दुसरा धातू बसला आहे.

अपेक्षा किती ठेवायची? ४० मिलिॲम्पियर एक तास म्हणजे १४४ कूलंब. फॉर्मेटच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. १४४ ला २ गुणिले ९६,४८५ ने भागा, ०.७४६ मिलिमोल येतात. फॉर्मिक आम्लाच्या हिशेबात ही ३४ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा. साध्या पत्र्यावर ६० टक्के साधले, म्हणजे २० मिलिग्रॅम, तर काम चांगलं झालं. एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नसेल तर जुनी पद्धत वापरा: नमुना सोडियम कार्बोनेटने अल्कधर्मी करा, मोजून जास्तीचं पोटॅशियम परमँगनेट घाला, गरम करा, थंड झाल्यावर आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने टायट्रेट करा. न वापरलेल्या द्रावणाची कोरी मोजणी सोबत हवीच.

एक फेरी कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन सोडून घ्या. बायकार्बोनेटमुळे अगदी थोडं फॉर्मेट आलं तर ठीक. बरंच आलं तर ते कॅथोडचं नाही, तुमच्या भांड्यांचं किंवा मोजणीचं आहे. परीक्षक हाच प्रश्न पहिला विचारतील.

प्रश्न: अकरावीतल्या मुलाने चांदीच्या पट्टीवर हाच प्रयोग करून कार्बन मोनॉक्साइड बनवायचं ठरवलं आहे. घरी करू द्यावं का?
— पालक, प्रतापनगर

नाही. चांदीवर १ ॲम्पियर एक तास दिला आणि सगळा प्रवाह कामी आला तर जवळपास अर्धा लिटर, नेमकं म्हणजे ०.४६ लिटर कार्बन मोनॉक्साइड निघतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत ते दशलक्षात १६ भाग होतं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी वापरली जाणारी एक मर्यादा २५ भागांची आहे. १ ॲम्पियरवर भागेल असं वाटतं, पण जुन्या बॅटरी चार्जरवर १० ॲम्पियर सहज जातात आणि मग तासाभरात १६० भाग. वायूला वास नाही, रंग नाही. पोराला कथलावर फॉर्मेट करू द्या, तेही कॉलेजात, फ्यूम हूडमध्ये.

प्रश्न: बुटीबोरीत रसायनांचा छोटा कारखाना आहे. धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीतून कार्बन डायऑक्साइड मिळू शकतो. दिवसाला १ टन फॉर्मिक आम्ल विजेवर बनवायचं झालं तर यंत्रं किती, वीज किती, अडचण कुठे?
— उद्योजक, बुटीबोरी एमआयडीसी

वायूची निवड चांगली आहे. आंबवणीत एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो कोरडा धरला तर जवळपास शुद्ध असतो. एक टन आम्लाला हिशेबाने ०.९६ टन लागतो. गळती आणि न वापरला गेलेला भाग धरून दीड टन ठेवा, म्हणजे रोजचे २,००० लिटर इथेनॉल पुरे. पाण्याचा स्क्रबर लावून अल्कोहोलची वाफ काढा, नंतर सक्रिय कोळशाचा थर, कारण हायड्रोजन सल्फाइडचा अंशही उत्प्रेरक मारतो.

वीज: ३.५ व्होल्ट आणि ८५ टक्के कार्यक्षमतेला किलोमागे सुमारे ५ युनिट. टनाला ५,०००. युनिटला ८ रुपये धरले तर नुसत्या सेलचे किलोमागे ४० रुपये झाले. बाजारभावाशी ताडून पाहणं तुमचं काम.

सेलचा आकार: चोवीस तास चालवलं तर एकूण ५७,००० ॲम्पियर लागतात. चौरस सेंटिमीटरला २०० मिलिॲम्पियर धरले तर २८ ते २९ चौरस मीटर इलेक्ट्रोड. पण फक्त उन्हाच्या सहा तासांत एवढाच माल काढायचा तर चौपट, म्हणजे ११४ चौरस मीटर, आणि १,२५० किलोवॉटचे पॅनल. सौर वीज फुकट मिळाली तरी अठरा तास बंद पडलेलं यंत्र फुकट नसतं. पुष्कळ प्रकल्प-अहवालांत हा आकडा शोधून सापडत नाही.

२०० मिलिॲम्पियर साध्या बुडवलेल्या पत्र्यावर मिळत नाही. विरघळलेला वायू तेवढ्या वेगाने पोचत नाही, तिथे ३० च्या आसपासच दम लागतो. म्हणून सच्छिद्र कार्बन कागदावर बिस्मथ किंवा कथलाचा थर देऊन एका बाजूने वायू आणि दुसऱ्या बाजूने द्रावण देतात. या इलेक्ट्रोडचा शत्रू म्हणजे मीठ. ॲनोडकडून आलेलं पोटॅशियम आणि कॅथोडवर तयार होणारं कार्बोनेट मिळून छिद्रांत पांढरे स्फटिक बसतात. लक्षणं ठरलेल्या क्रमाने येतात: वायूच्या आत जाण्याच्या नळीचा दाब हळूहळू चढतो, बाहेरच्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात, मग हायड्रोजन वाढतो. थेंब दिसताच सेल थांबवून वायूची बाजू डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा. स्फटिकांनी कागद एकदा फाडला की धुण्याने भरून येत नाही. आत जाणारा वायू आर्द्र ठेवणं आणि ॲनोडकडचं द्रावण पातळ ठेवणं, या दोन्हींनी धुण्यातलं अंतर वाढतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सेलमधून फॉर्मिक आम्ल निघत नाही, पोटॅशियम फॉर्मेटचं पातळ द्रावण निघतं. आम्ल करायला दुसरं आम्ल घालावं लागतं आणि त्याचं मीठ उरतं. तीन कप्प्यांच्या सेलमध्ये मधल्या कप्प्यात आयन-विनिमय राळ ठेवून थेट आम्ल काढता येतं, पण तेही पाण्यात मिसळलेलं. उकळून वेगळं करायला गेलात तर आम्ल ७७ टक्क्यांच्या आसपास असताना पाणी आणि आम्ल एकत्रच उकळतात आणि साधं ऊर्ध्वपातन तिथे अडतं. साधं स्टीलही टिकत नाही. फॉर्मेटचं मीठच विकणं सोपं, फक्त त्याचा एक मोठा उपयोग धावपट्टीवरचा बर्फ वितळवण्याचा आहे, आणि नागपुरात ती सोय कोणाला लागणार! ड्रिलिंगच्या द्रवांचं गिऱ्हाईक शोधा. नाहीतर दिवसाला १ किलोचा सेल आधी तीन महिने चालवा.

प्रश्न: हे जगात कुठे मोठ्या प्रमाणावर चालतं का? आणि लेखांत सारखं तांब्याचंच नाव का येतं?
— शिक्षिका, काटोल

मोठ्या प्रमाणावर चालतो तो वळणाचा रस्ता: विजेने पाण्याचा हायड्रोजन करायचा आणि तो कार्बन डायऑक्साइडबरोबर तांबं-जस्त ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर २०० ते ३०० अंश तापमानात आणि दाबाखाली मिथेनॉलमध्ये बदलायचा. आइसलंडमध्ये स्वार्त्सेंगीला २०१२ मध्ये असा कारखाना उघडला. त्याची क्षमता पुढे वाढवून वर्षाला ४,००० टनांची केली गेली, कार्बन डायऑक्साइड भूऔष्णिक केंद्राचा. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात विंध्याचल औष्णिक केंद्रात चिमणीतून रोज २० टन वायू पकडण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला जोडून रोज १० टन मिथेनॉलचा प्रकल्प आखला गेला. एक टन मिथेनॉलला १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो. तेवढ्या हायड्रोजनला १०,००० युनिटांच्या आसपास वीज लागते.

तांब्याचं कारण असं: सोनं-चांदी कार्बन मोनॉक्साइडवर थांबतात, कथील-बिस्मथ फॉर्मेटवर. तांबं कार्बन मोनॉक्साइडला ना लगेच सोडतं ना फार घट्ट धरतं, त्यामुळे दोन कार्बन एकमेकांना जोडले जाऊन इथिलीन आणि इथेनॉल बनतात. जपानच्या योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकात तांब्यावर मिथेन आणि इथिलीन मिळतं हे दाखवलं. मात्र इथिलीनच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन लागतात. ३.५ व्होल्टला एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता किलोमागे ४० युनिट, आणि ६० टक्के कार्यक्षमतेला ६७. त्यावर अल्कधर्मी सेलमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या दर चार रेणूंतले तीन कार्बोनेट होऊन ॲनोडकडे निघून जातात.

प्रश्न: शुद्ध कथलाचा पत्रा महाग पडतो. तांब्याच्या पट्टीला कल्हई करून घेतली तर?
— विद्यार्थी, हिंगणा

करून पाहायला हरकत नाही, पण तीन गोष्टी सांभाळा. कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. शिसंही फॉर्मेटच देतं, त्यामुळे आकडा चांगला दिसेल, पण तो कथलाचा नसेल आणि द्रावण विषारी होईल. म्हणून शुद्ध कथलाची कांडी स्वतः नेऊन द्या. दुसरं, नवसागराचे अंश राहिले की क्लोराइड आणि अमोनियम दोन्ही द्रावणात येतात. पट्टी उकळत्या डीआयोनाइज्ड पाण्यात तीन वेळा, दर वेळी नवं पाणी घेऊन धुवा. तिसरं, कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो, तेव्हा कडेला आणि कोपऱ्यांत थर विरतो. तिथे उघडं पडलेलं तांबं आपला वेगळाच कारभार करतं. पट्टी भिंगाखाली धरा, लालसर ठिपका दिसेल तिथे इपॉक्सी लावा आणि उरलेलं क्षेत्रफळ नव्याने मोजा. आणि घासायला १२०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊ नका, कल्हईचा थर दोन हातांतच निघून जाईल.